फोनवरची सरकारी पाळत आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’: या दोन शब्दांचा कायद्यातला अर्थ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला लागून असलेल्या एका हॉटेलात मागे एकदा माझ्या शेजारच्या टेबलावर साठीच्या आसपासचे दोन गृहस्थ चहा घेत बसले होते. त्यांच्यापैकी एकाचा फोन वाजला. विषय जमिनीच्या व्यवहाराचा असावा, कारण ‘म्युटेशन’ हा शब्द दोनदा कानावर आला. मग त्यांनी आवाज खाली आणून पलीकडच्या माणसाला सांगितले, “फोनार नाका, मेळटकच सांगतां” (फोनवर नको, भेटल्यावरच सांगतो), आणि फोन बंद करून टेबलावर पालथा घातला. त्या गृहस्थांचे बोलणे कोणी चोरून ऐकत असेल, असे मला मुळीच वाटत नाही. परंतु फोनवर बोलताना मनात कोणी तिसरा गृहीत धरण्याची ही सवय आता गोव्यात राजकारण्यांपुरती उरलेली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून तो विकावा. चोरीचे फोन शोधणे आणि फसवणुकीला आळा घालणे हा त्यामागचा उद्देश सांगितला गेला. देशभर आक्षेप उठले आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली. त्या आठवड्यात मला अनेकांनी एकच प्रश्न विचारला: सरकारला आपले फोन ऐकायचे असतील तर ते आजही ऐकू शकते का, आणि कोणत्या अधिकाराने? उत्तर ‘हो’ असेच आहे, पण त्या ‘हो’ला कायद्याने एक अट जोडलेली आहे. ती अट ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन शब्दांत आहे आणि तिचा अर्थ बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच नेमका आहे.

पत्र, पाकीट आणि खांद्यावरून डोकावणे

पाळतीचा विचार पत्राच्या उदाहरणाने करावा. पहिला प्रकार म्हणजे वाटेत पत्र उघडून वाचणे. फोनच्या बाबतीत यालाच आपण ‘टॅपिंग’ म्हणतो. दुसरा प्रकार म्हणजे पत्र न उघडता पाकिटावरचा मजकूर टिपून घेणे: कोणी, कोणाला, केव्हा आणि कोठून पाठवले. फोन कंपनीकडे ही माहिती प्रत्येक कॉलमागे आपोआप तयार होते. पोलीस तिला ‘सीडीआर’ म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड म्हणतात आणि २०२१ च्या डिसेंबरपासून कंपन्यांना ती किमान दोन वर्षे जपून ठेवावी लागते. तिसरा प्रकार म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या मागे उभे राहून त्याच्या खांद्यावरून वाचणे. फोनमध्येच गुप्तपणे घुसणारी सॉफ्टवेअर हे काम करतात.

पाकिटावरच्या माहितीला लोक सहसा किरकोळ समजतात. समजा, एका बाईंच्या फोनवरून संध्याकाळी बांबोळीच्या गोमेकॉ रुग्णालयाला दोन कॉल गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीला एक गेला, दुपारी मुंबईच्या टाटा रुग्णालयाला एक आणि त्यानंतर लगेच बहिणीला चाळीस मिनिटांचा एक. त्यातले एकही वाक्य कोणी ऐकलेले नाही. तरीही त्या घरात काय घडले, हे ही यादी हाती असलेल्या माणसाला कळले आहे आणि कदाचित त्या बाईंच्या नवऱ्याच्याही आधी कळले आहे.

गरी आणि रापण

यापेक्षाही महत्त्वाचा फरक आपल्या किनाऱ्यावर रोज डोळ्यांसमोर दिसतो. गरी टाकणारा माणूस एका जागी बसतो आणि त्याच्या हाती एक मासा लागतो. रापण ओढतात तेव्हा दोन्ही बाजूंना माणसे दोर धरतात, जाळे हळूहळू वाळूवर येते आणि त्यात बांगडे असतात, तारले असतात, खेकडे असतात, प्लास्टिकच्या पिशव्या असतात. हवे ते ठेवायचे आणि नको ते टाकायचे, हे सगळे बाहेर काढल्यानंतर ठरते. एका संशयिताच्या एका क्रमांकासाठी लेखी आदेश काढून त्याचे बोलणे ऐकणे ही गरी झाली. सगळ्यांची माहिती आधी गोळा करून मग तिच्यात संशयित शोधणे ही रापण झाली. सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने होणारे बहुतेक युक्तिवाद गरीचे उदाहरण देतात आणि परवानगी मात्र रापणीची मागतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

भारतात फार काळ व्यवस्था अशी होती की तपास यंत्रणा आदेश घेऊन फोन कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाई आणि ती कंपनी जोडणी करून देई. कंपनी काही जनतेची राखणदार नव्हे, पण कागद पाहिल्याशिवाय दार न उघडणारा एक माणूस तरी मधे होता. २६/११ नंतर उभारलेल्या ‘सेंट्रलाइज्ड मॉनिटरिंग सिस्टिम’चा हेतूच हा मधला माणूस काढून यंत्रणांना थेट जोडणी देण्याचा आहे. त्यामुळे काम वेगाने होते आणि गुप्तता राखली जाते, हे खरे. तसेच दारात कागद पाहणारे कोणी उरत नाही, हेही खरे.

कायदा काय म्हणतो

या अधिकाराचे मूळ १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात आहे. ब्रिटिशांनी तो केला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. आपल्याकडे तो मुक्तीनंतर आला. त्याच्या कलम ५(२) ची रचना दोन पायऱ्यांची होती आणि ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिली पायरी परिस्थितीची: एक तर ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवलेली असली पाहिजे किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी’ गरज असली पाहिजे. ही पायरी चढल्यानंतरच दुसरी पायरी येते, ती कारणाची: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे. दुसऱ्या पायरीवरचे कारण कितीही पटणारे असले, तरी पहिली पायरी गाळून तिथे पोहोचता येत नाही. १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण नव्या कायद्याच्या कलम २०(२) मध्ये ही दोन पायऱ्यांची रचना तशीच राहिली आहे.

‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत आला. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याचे प्रकरण त्यामागे होते. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे सर्वसाधारण जनता मोठ्या प्रमाणावर धोक्यापासून मुक्त असण्याची स्थिती, आणि सार्वजनिक आणीबाणी म्हणजे जनतेवर परिणाम करणारी, तातडीने पाऊल उचलायला लावणारी आकस्मिक परिस्थिती. त्यापुढचे निरीक्षण मला या संपूर्ण विषयाचा कणा वाटते: या दोन्ही परिस्थिती गुप्त नसतात, त्या कोणाही समंजस माणसाला दिसू शकतात.

समुद्र खवळला की जेटीवर बावटा चढतो आणि तो सगळ्यांना दिसतो. बावटा चढला आहे, पण तो फक्त बंदर अधिकाऱ्यालाच दिसतो, असे कोणी सांगितले तर आपण ते मान्य करणार नाही. धोक्याचा तपशील गुप्त असू शकतो, संशयितांची नावे गुप्त ठेवावीच लागतात. परंतु समाजावर धोका आहे की नाही, ही गोष्ट संपूर्णपणे एखाद्या फाइलमध्ये बंद असू शकत नाही.

गोव्यासाठी महत्त्वाचा निकाल

गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्या कार्यकक्षेत येतो, म्हणून त्या न्यायालयाचा २०१९ च्या ऑक्टोबरमधील एक निकाल आपण लक्षात ठेवला पाहिजे. एका व्यावसायिकाने बँक अधिकाऱ्याला दहा लाख रुपयांची लाच दिल्याचा आरोप होता आणि केंद्रीय गृह खात्याच्या तीन आदेशांन्वये त्याचे फोन टॅप झाले होते. लाचखोरी हा गंभीर गुन्हा आहे, याविषयी वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता की दहा लाखांच्या लाचेने जनतेच्या सुरक्षिततेला धोका कसा उत्पन्न झाला. सरकारला ते दाखवता आले नाही, म्हणून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि जमवलेले संभाषण नष्ट करण्यास सांगितले.

यातून निष्कर्ष असा निघतो की प्रत्येक गुन्हा म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे. मात्र सगळी न्यायालये यावर एकमताची नाहीत. २०२५ च्या जून-जुलैत, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या आर्थिक व्यवहारातील भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग योग्य ठरवले, तर मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच एका प्रकरणातील टॅपिंगचा आदेश रद्द केला.

दुसरा दरवाजा

इथपर्यंतची कथा फोन कॉलची झाली. संगणक, ईमेल आणि साठवलेली माहिती यांच्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे, आणि त्यात वर सांगितलेली परिस्थितीची पायरीच नाही. शिवाय ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारणही तिथे पुरते. याच कलमाखाली २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह खात्याने दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. गुप्तचर विभाग, सीबीआय, एनआयए, ईडी, अमली पदार्थ नियंत्रण विभाग आणि प्रत्यक्ष कर मंडळही तिच्यात आहे. आपले बहुतेक बोलणे आता संगणकांतून जाते. म्हणजे ज्या दरवाजाला कडी आहे त्याचा वापर कमी होत चालला आहे आणि ज्याला नाही तो रुळत चालला आहे.

व्हॉट्सॲपसारख्या सेवांत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. या पद्धतीला ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात. वाटेत तो कोणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाही. यामुळे यंत्रणांचे लक्ष वाटेवरून फोनकडे वळते. फोनमध्ये गुप्तपणे घुसणाऱ्या ‘पेगासस’ या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तज्ज्ञ समिती नेमताना बजावले होते की राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उल्लेख केला म्हणजे न्यायालयाने मागे हटावे असे होत नाही. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले; ते पेगाससच होते, असा निष्कर्ष काढता आला नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने न्यायालयाला कळवले.

तपासनीस कोण?

१९९६ च्या निकालात घातलेल्या अटी पुढे २००७ मध्ये नियमांत आल्या आणि दूरसंचार कायद्याखाली २०२४ च्या डिसेंबरमध्ये नव्या नियमांच्या रूपाने पुन्हा जाहीर झाल्या. केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव लेखी, सकारण आदेश देतात. आदेश ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जात नाही. प्रत्येक आदेश एका आढावा समितीकडे जातो. राज्यात या समितीवर मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहसचिव सोडून अन्य एक सचिव असतात.

कागदावर ही रचना चांगली दिसते. परंतु केंद्रीय गृह खात्याने माहिती अधिकाराखाली एकदा दिलेल्या उत्तरानुसार, केवळ केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे प्रत्येक बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश येतात, याकडे डेटा संरक्षणाविषयी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात बोट ठेवले आणि हे काम अशक्यप्राय असल्याचे सांगितले. आपण साधा हिशेब करू. समिती आठ तास एकदाही न उठता बसली तर तिच्या हाती २८,८०० सेकंद येतात. म्हणजे एका नागरिकाच्या खासगी आयुष्याच्या फाइलला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्या वेळात पान उलटतही नाही.

गोव्यातील आदेशांची संख्या अर्थातच याच्या तुलनेत लहान असणार. पण इथे वेगळी अडचण आहे. आपल्या लहान राज्यात आदेश देणारे गृहसचिव आणि ते तपासणारे सचिव पर्वरीच्या एकाच सचिवालयात काम करतात, एकाच प्रशासनाचे अधिकारी असतात आणि उद्या त्यांच्या खुर्च्यांची अदलाबदलही होऊ शकते. मी कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेत नाही. पंचायतीचा हिशेब पंचायतीच्या सचिवानेच तपासावा, असे आपण कधी म्हणत नाही, आणि त्याचे कारण सचिव लबाड असतो, हे नसते.

“लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?”

हा आक्षेप प्रामाणिक माणसेच अधिक घेतात, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. गोव्याला याचा स्वतःचा अनुभव आहे. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या काळात इथे लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. लग्नपत्रिकेत लपवण्यासारखे काय असते? पण पत्रिका तपासली जाते हे ठाऊक असलेला माणूस पुढे पत्रही जपून लिहितो, सभेलाही विचार करून जातो आणि शेजाऱ्याशी बोलतानाही मागे पाहतो. स्वातंत्र्याच्या बातम्या सांगण्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवावी लागली, कारण घरात बसून मोकळेपणी बोलण्याची सोय उरली नव्हती. आजचे सरकार आपण निवडून दिलेले आहे आणि त्याची तुलना त्या राजवटीशी करणे अन्यायाचे होईल. मात्र पाळतीने माणसाच्या बोलण्यावर होणारा परिणाम सरकार बदलले म्हणून बदलत नाही.

शिवाय लपवणे आणि खासगी ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजार, कर्ज, मुलीच्या स्थळाची बोलणी, वकिलाचा सल्ला, पत्रकाराला माहिती देणाऱ्याचे नाव, यांत गुन्हा कोठेच नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले ते याच अर्थाने.

“मग २६/११ सारखे हल्ले रोखायचे कसे?”

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला तो अधिक लागू पडतो, कारण ते हल्लेखोरही समुद्रातूनच आले. त्या रात्री हल्लेखोर आणि त्यांना पाकिस्तानातून सूचना देणारे सूत्रधार यांचे संभाषण यंत्रणांनी पकडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना त्या संभाषणाचा सविस्तर आधार घेतला. ते ऐकणे योग्यच होते आणि कोणतेही न्यायालय त्याला हरकत घेणार नाही. १९९६ च्या व्याख्येत ते पूर्णपणे बसते: धोका साऱ्या शहराला होता, तातडीचा होता आणि सगळ्यांना दिसत होता.

परंतु त्याच घटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताजसारख्या हॉटेलांना असलेल्या धोक्याच्या सूचना आधीच यंत्रणांकडे आल्या होत्या. कमतरता कानांची नव्हती. ऐकलेले एकत्र आणून त्यावर वेळेत हालचाल करण्याची होती. अमेरिकेने २००१ नंतर साऱ्या देशाचे कॉल रेकॉर्ड गोळा करण्याची रापण टाकून पाहिली. २०१४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारी देखरेख मंडळाने तपासणी करून सांगितले की त्या कार्यक्रमामुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. दुसऱ्या वर्षी कायदा करून सरकारने असे सरसकट रेकॉर्ड गोळा करणे थांबवले.

अमली पदार्थांच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. हणजुण-वागातोरच्या पट्ट्यात ज्यांची मुले या विळख्यात सापडली, त्या आईवडिलांना मी टॅपिंग नको असे कधीच सांगणार नाही. पुरवठादाराचा क्रमांक माहीत असेल, लेखी कारण असेल आणि मुदत असेल, तर ती गरी आहे आणि ती टाकलीच पाहिजे.

“कंपन्या तर सगळेच घेतात”

घेतात, आणि तेही थांबले पाहिजे. पण कंपनी तुमच्या घरी पोलीस पाठवू शकत नाही, पासपोर्ट अडवू शकत नाही, तुम्हाला कोठडीत ठेवू शकत नाही. आणि कंपन्यांना लगाम घालण्यासाठी केलेल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते.

“न्यायाधीशांची परवानगी मागत बसलो तर वेळ हातचा जाईल”

ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याने वॉरंटवर सही केली तरी न्यायिक आयुक्ताच्या मान्यतेशिवाय ते लागू होत नाही. फार घाई असेल तर पाळत आधी सुरू होते आणि मान्यता तीन कामकाजाच्या दिवसांत घ्यावी लागते. आपल्या नियमांतही तातडीच्या प्रसंगी अधिकारी आधी ऐकणे सुरू करू शकतात आणि सात कामकाजाच्या दिवसांत गृहसचिवांची संमती घेतात. म्हणजे तातडीची सोय आजही आहे. फक्त त्या सात दिवसांच्या शेवटी सचिवाऐवजी न्यायाधीश बसला पाहिजे, एवढीच मागणी आहे. गोव्यात तर यात अंतराचाही प्रश्न येत नाही, कारण २०२१ पासून उच्च न्यायालयाची नवी इमारत त्याच पर्वरीत उभी आहे. सचिवालयातून फाइल तिथे न्यायला फार तर काही मिनिटे लागतील.

दुसरी उणीव अशी की ज्याचा फोन टॅप झाला त्याला भारतात ते कधीच कळवले जात नाही. खटला झाला तर आरोपपत्रातून कळते, खटला झाला नाही तर आयुष्यभर कळत नाही. अमेरिकेत फौजदारी तपासासाठी टॅपिंग झाले असेल तर ते संपल्यावर साधारणपणे ९० दिवसांत संबंधिताला कळवावे लागते.

आणि सर्वांत कमी खर्चाची सुधारणा आकड्यांची आहे. राज्याने वर्षभरात किती आदेश काढले, आढावा समिती किती वेळा बसली आणि तिने त्यांतले किती आदेश नामंजूर केले, हे तीन आकडे गोवा विधानसभेपुढे दर वर्षी ठेवले तर कोणाचेही नाव उघड होत नाही आणि कोणत्याही तपासाला धक्का लागत नाही. अमेरिकेची न्यायालये याहून कितीतरी तपशीलवार अहवाल, गुन्ह्यांच्या प्रकारांसह, दर वर्षी प्रसिद्ध करतात. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने प्रश्नोत्तराच्या तासाला हे तीन प्रश्न विचारले, तर त्यांपैकी तिसऱ्याच्या उत्तराची मी सर्वांत अधिक वाट पाहीन.